आधी पाय दाखवा

बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेली माणसं सदऱ्याच्या खिशातून जपून एक काडी काढायची आणि आमच्या काउंटरवर ठेवायची. खराट्याची काडी. घरच्या बाईचा पाय टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून तेवढीच तोडलेली. "याच्या मापाची चप्पल द्या जी." एकाच्या खिशातून दोन काड्या निघाल्या, एक बायकोची आणि एक आईची, आणि कोणती कोणाची हे तो एसटीत विसरून गेला होता. बराच वेळ दोन्हींकडे पाहून तो म्हणाला, "दोनी मोठ्याच द्या. लहान झाली तं दोघीबी बोलतीन."

लाखांदूरला आमचं हे दुकान होतं. मी माहेरची पवनीची, विणकरांच्या घरातली. लग्न होऊन आले तेव्हा यांनी दुकान नुकतंच टाकलं होतं. नागपूरहून माल आणायचा, गिऱ्हाइकाशी भाव करायचा, हे यांचं काम. पायात घालून पाहायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, कारण बायाबापड्या यांच्यासमोर पाय पुढे करायला लाजत. मी खाली स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "आधी पाय दाखवा, मंग जोडे पाहू." पुढे पुढे बाजारात माझी ओळखच ती झाली. भाजीवाल्या बायाही मला पाहून हसत म्हणायच्या, "पाय दाखवू का, काकू?"

शाळेचे काळे बूट, पावसाळ्यातले प्लास्टिकचे जोडे, लग्नातल्या सॅंडली, एवढ्यावर दुकान चाललं असतं. पण आमच्या भागातली पोरं भरतीसाठी धावायला लागली. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक. पहाटे डांबरी रोडवर दहा-वीस पोरं धावताना दिसायची आणि मग पोरीही दिसू लागल्या. दुकानात "पळायचे जोडे" मागायला सगळ्यांत आधी जो आला, त्याच्या मित्राजवळ लाल रंगाचे जोडे होते, याला तसेच हवे होते. मी म्हटलं, "मित्राचा पाय तुला लावलाय का बाबू?" तो वैतागला. पण बसला.

हे काम मला कोणी शिकवलं नाही. जुने जोडे पाहून पाहून शिकले. नवे घ्यायला आलेल्याला मी जुने घेऊनच यायला सांगायची आणि ते उलटे करून मांडीवर ठेवायची. सोल कुठे झिजलाय ते पाहिलं की मालक कसा धावतो ते कळतं. टाचेकडून झिजला असेल तर माणूस टाचेवर उतरतो, त्याला मागे जाड गादी हवी. पुढून झिजला असेल तर तो चवड्यावर धावतो, त्याला मागच्या गादीचा उपयोग नाही, त्याला पुढून नरम आणि सहज वाकणारा जोडा हवा. जोडा कुठे वाकतो तेही पाहायचं. बोटं जिथे वाकतात तिथेच जोडा वाकला पाहिजे. मधोमध वाकणारा जोडा हातात घेऊन बघायला छान वाटतो आणि धावताना पायाची वाट लावतो.

मग पाण्याचा तांब्या. पाय ओला करायचा आणि कोरड्या फरशीवर ठेवून उचलायचा. कोणाचा पुढचा भाग आणि टाच उमटते, मध्ये बारीकशी पट्टी राहते, तो बरा पाय. कोणाची पट्टीच राहत नाही, कमान उंच असते. आणि कोणाचा सगळा तळवा जसाच्या तसा उमटतो. तो सपाट पाय. तो धावताना आतल्या बाजूला कलतो, म्हणून त्याला आतून कडक, आधार देणारा जोडा लागतो. पोरं फरशीवरचा आपला पाय बघून हरखायची. वाळायच्या आत मोबाइलवर फोटो काढायची.

बाकी सांगायच्या गोष्टी साध्या. जोडे सायंकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडा फुगतो. धावताना जे मोजे घालायचे तेच घालून यावं. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरावं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, पण टाच उचकायला नको. आणि भरतीच्या दिवशी नवे जोडे घालू नयेत. एवढं सांगूनही एखादा मैदानावर जायच्या आदल्या दिवशी यायचा आणि म्हणायचा, "काकू, उद्या ग्राउंड हाय, जोडे द्या." त्याला मी त्याचे जुनेच धुऊन घालायला सांगायची. हे आतून खाकरायचे.

पण दिघोरीची प्रणाली आली तेव्हाचं सांगायचं आहे.

बाजाराचा दिवस होता. पोरगी उंच, सावळी, आल्या आल्या बाकावर बसली आणि पायाची नळी दाबत राहिली. सोबत तिची आई. आईचं नाव शकुन. वडील नागपूरला मिस्त्रीकाम करायचे, महिन्यातून एकदा घरी. आदल्या भरतीत प्रणालीची लेखीची तयारी चांगली होती, पण धावण्यात मागे राहिली होती. आठशे मीटर. आता पुन्हा फॉर्म सुटणार होते आणि नळ्या दुखायला लागल्या होत्या.

"किती दिवसांपासून दुखते?"

"लय दिवस झाले, काकू. धावलो का दुखते. न धावलो तं जीव दुखते."

तिचे जुने जोडे घेतले. आतली बाजू पार बसून गेली होती, जोडे टेबलावर ठेवले तर एकमेकांकडे कलत होते. फरशीवर पाय ठेवायला लावला तर सबंध तळवा उमटला. कोणीतरी तिला एकदम नरम, गादीसारखे जोडे दिले होते. नरम जोडे सगळ्यांना आवडतात, पण सपाट पाय त्यात आणखी आत घसरतो. मी तिला आतून कडक असलेला जोड दिला आणि दुकानासमोरच्या गल्लीत चक्कीपर्यंत धावून यायला सांगितलं. शिवाय थोडे दिवस धावणं बंद ठेव म्हटलं. तिचं तोंड उतरलं.

"बंद ठेवलं तं मांगं राहीन ना."

"नळी मोडली तर पुढे जाशील का?"

ती धावत चक्कीपर्यंत गेली तेवढ्यात माझं लक्ष आईच्या पायाकडे गेलं. शकुनबाई बाकाच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या. पायात निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर. एक स्लिपर पायातून सुटून आडवी पडली होती. टाचेकडे ती नव्यासारखी जाड होती आणि पुढे, चवड्याखाली, आरपार भोक. भोकातून फरशी दिसत होती.

चालणाऱ्या बाईची चप्पल अशी झिजत नाही. चालणारा टाच आधी टेकवतो. चवडाच चवडा झिजवतो तो धावणारा, तोही हलक्या पायानं धावणारा.

"शकुनबाई, तुम्हीही धावता का?"

त्यांनी झटकन पाय लुगड्याखाली ओढला. "नाही जी! मी तं पोरीच्या मांगं जातो."

तेवढ्यात प्रणाली धापा टाकत परतली होती. तिनंच सांगितलं. गावाबाहेरचा रोड जंगलाच्या कडेनं जातो, वाघाची भीती, त्यात पहाटेचा अंधार. बाप घरी नाही. म्हणून माय काठी घेऊन मागे येते.

"सायकलीवर?"

"सायकल कायची? धावतच येते."

"रोज?"

"रोज. मी गेलो का ते मांगं असतेच."

मी म्हटलं, पाय दाखवा. शकुनबाई काही केल्या तयार नव्हत्या. "माहा पाय कायले पाहता, बाई? रोवणीतला पाय तो, चिखलातला." त्या उठल्या, पोरीच्या जोड्यांची पिशवी उचलली आणि चालू लागल्या.

काही आठवड्यांनी त्या एकट्याच आल्या. दुपारची वेळ, दुकानात मी एकटी. गुडघ्याला हळद लावलेली. स्लिपरचा पट्टा तुटून त्या डांबरावर आपटल्या होत्या आणि पुढे गेलेल्या पोरीला कळायच्या आत उठून पुन्हा मागे लागल्या होत्या. बाकावर बसून थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "ते जोडे... लुगड्यावर बरे दिसतीन का?"

मी त्यांचा पाय हातात घेतला. सुरकुतलेला, तळव्याला भेगा, पण काय पाय होता! जन्मभर धानाच्या बांधीतल्या चिखलात उभा राहिलेला, बोटं पंख्यासारखी पसरलेली. घोटा मात्र बारीक आणि ताठ. बायकांचे जोडे पुढून निमुळते असतात, त्यातला एकही चढेना. शेवटी मी पुरुषांच्या मापातला एक राखाडी जोड काढला, पुढून रुंद, पातळ, वाकणारा. टाच सैल वाटत होती म्हणून लेस शेवटच्या भोकातून वेगळी ओवून दिली. पाय आत गेला तशी त्यांनी बोटं हलवून पाहिली.

"दाटते का?"

"नाही." मग पाय फरशीवर दाबून पाहत, "बाई, यात पाय कोनी धरल्यावानी वाटते."

धावून दाखवा म्हटलं तर तोंडाला पदर लावून नुसत्या हसत राहिल्या. गल्लीत माणसं होती. शेवटी दुकानातल्या दुकानात चार पावलं चालल्या.

प्रणालीकडून मला पुढचं कळत राहिलं. माय जोडे पिशवीत घेऊन निघायची, गावातलं शेवटचं घर मागे पडलं की रस्त्याच्या कडेला बसून घालायची, आणि परतताना तिथंच काढायची. धानाची रोवणी लागली तेव्हा दोघींचं धावणं थांबलं. दिवसभर पाण्यात राहून शकुनबाईंच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. बेचकं कोरडं झाल्याशिवाय जोडे घालू नका, म्हणून मी निरोप पाठवला. रोवणी आटोपली तशा त्या पुन्हा सुरू झाल्या.

आणि प्रणालीची निवड झाली. पेढे घेऊन दोघी आल्या. पोरगी बोलत सुटली होती, नळ्या दुखल्या नाहीत, शेवटच्या वळणावर तिघींना टाकलं, सगळं. हे आतून बाहेर येऊन ऐकत उभे राहिले. मी पेढा खाल्ला आणि मला एकदम दुसरी पोरं आठवली. ज्यांना मी तितक्याच मनापासून जोडे दिले आणि जी भरतीत मागे राहिली. ती पुढे दुकानावरून जाताना दुसरीकडे बघत जायची. त्यांच्या पायातही आमचेच जोडे होते. चांगला जोडा पाय सांभाळतो, नोकरी देत नाही, हे मला कळत होतं, तरी ती पोरं रस्त्यानं गेली की मी काहीतरी आवरायला आत वळायची.

प्रणाली ट्रेनिंगला गेली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका बाजाराला शकुनबाई आल्या आणि काउंटरवर पिशवी ठेवली. त्यांचे राखाडी जोडे. धुऊन, वाळवून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून आणले होते.

"एखाद्या गरजेच्या पोरीले देऊन टाका."

"का? तुम्ही धावत नाही?"

"आता कायले धावू? पोरगी तं गेली."

"तुम्हाला धावायला आवडत होतं ना?"

त्यांनी समोरच्या रोडकडे पाहिलं. "पहाटे डोरे उघडतेतच, बाई. पाय खाटेवर राहत नाही. पन बाई मानूस बिनाकारनाची धावली तं लोक इचारतीन का नाही, घरी आग लागली का मनून?"

मला हसू आलं आणि पुढच्या क्षणी आलं तसं गेलंही. इतकी वर्षं धावणाऱ्यांच्या पायांशी बसले, पण स्वतः लग्नानंतर एकदाही धावले नव्हते. निघालेली एसटी पकडायलासुद्धा नाही. मी एवढंच म्हटलं, "राहू द्या इथं. त्या पायाची कोणी आली तर देईन."

त्या पायाची कोणी आली नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही दुकान बंद करायचं ठरवलं. यांना आता नागपूरच्या खेपा झेपत नव्हत्या. मुलगा पुण्याला. आणि पोरं जोडे मोबाइलवरून मागवायला लागली होती. एकदा एक पोरगा माझ्याकडून पाय बघून घेऊन, सगळं विचारून, माझ्यासमोरच मोबाइलमध्ये जोड्याचा नंबर टाकायला लागला. राग नाही आला, त्याला तिथे दोन रंग जास्त मिळत होते. पण पाय पाहायला मात्र तो इतक्या लांब आला होता, एवढं मी मनात ठेवून घेतलं. मालाचा सेल लावला. बघता बघता रॅका रिकाम्या झाल्या. बोळे भरलेला राखाडी जोड सेलमध्ये ठेवायला माझा हात झाला नाही.

भाऊबीज झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. आमच्याकडे दिवाळीनंतर प्रत्येक गावाची मंडई भरते, पाहुणेरावळे येतात, रात्री नाटक असतं. मी रिकाम्या दुकानात झाडझूड करत होते, तेव्हा अर्धवट ओढलेल्या शटरखालून वाकून शकुनबाई आत आल्या.

"बाई, ते जोडे हायेत का देले?"

"आहेत."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि बाकावर बसल्या. दिघोरीच्या मंडईत यंदा बायांची दौड ठेवली होती, दुसऱ्याच दिवशी. खुली, कोणत्याही वयाची बाई चालेल. तलावाच्या पारीपासून, म्हणजे बांधापासून, मंडईच्या मैदानापर्यंत. "मी नाव देऊन आलो," त्या म्हणाल्या. "पोरगीनं फोनवर शपत घातली. म्हने, माय, आता कारन भेटलं ना."

मी जोडे काढले. वापराशिवाय पडून राहिलेल्या जोड्याचा सोल कधी कधी धावता धावता उकलतो, चिकटवलेलं सुटतं. म्हणून दोन्ही हातांनी वाकवून, पिळून पाहिले. पक्के होते. तरी म्हटलं, आज संध्याकाळी अंगणात घालून फिरा, पायाला पुन्हा ओळख होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, मी दिघोरीला जाऊन येते. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, जोडे विकण्यात माझा जन्म गेला, पण मी दिलेले जोडे घालून कोणाला खरंच धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. जे कोणी धावले ते चक्कीपर्यंत. बाकी सगळं धावणं कुठल्यातरी रोडवर, कुठल्यातरी मैदानावर, माझ्या पाठीमागे झालं होतं.

मैदानावर गर्दी होती. पाळणा, जिलबीच्या कढया, माइकवर एकजण सारखा बोलत होता. मी दोरी बांधली होती त्याच्या जवळ, रस्ता सरळ दिसेल अशी उभी राहिले. पारीवर शिट्टी झाली असावी, इथपर्यंत ऐकू आली नाही. आधी धूळ दिसली, मग ट्रॅकपॅंटमधल्या पोरी, आणि त्यांच्यामध्ये एक हिरवं लुगडं. माइकवाला ओरडला, "आली रे आली, आपली शकुनकाकी आली!" लोक हसले. मग लुगडं जवळ येत गेलं तसं हसणं थांबलं, आणि बायांच्या घोळक्यातून कोणीतरी पहिल्यांदा टाळी वाजवली.

त्या चौथ्या आल्या. बक्षिसं तीनच होती.

दोरीच्या पलीकडे त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, चेहरा घामानं निथळत होता. गावातल्या दोन बाया त्यांच्या पायाकडे वाकून जोडे बघत होत्या, एकीनं तर बोट लावून पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या पोरीनं मोबाइल आणून दिला. प्रणालीचा फोन.

"चवथी आलो व," शकुनबाई धापा टाकत म्हणाल्या. "नाही, बक्षीस नाही भेटलं... हो, लागला ना दम. लय लागला... बाईबी आल्या हायेत. घे, बोल."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी प्रणालीला म्हटलं, तुझी आई छान धावली.

"काकू," ती म्हणाली, "माय धावते कशी?"

"म्हणजे?"

"मी समोर राहो, माय मांगं. तिच्या पायाचा आवाज तेवढा ऐकू ये. आवाज आहे म्हनून मी कधी मांगं फिरून पाह्यलंच नाही." तिचा आवाज बारीक झाला होता. "कशी धावते ते सांगा ना."

माइक चालू होता, पाळण्यावरची पोरं किंचाळत होती. मी गर्दीतून बाजूला सरकून एका बैलगाडीच्या धुरीवर टेकले, एका कानावर हात ठेवला आणि तिला सांगितलं. टाच जमिनीला लागत नाही तिची. खांदे हलत नाहीत, मान सरळ असते, हनुवटी जराशी वर. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं असतं आणि उजवा हात मुठीसारखा धरते, काठी धरल्यासारखा, काठी नसली तरी. पुढच्या पोरीवर नजर असते. आणि शेवटी शेवटी, सगळ्या पोरींची तोंडं वाकडी होतात ना, तेव्हा ती हसत असते.